हद्द कायम

चार फूट बाय दीड फूट.
म्हणजे सहा चौरस फूट; गुंठ्यात अशा
एकशे एक्क्याऐंशी टाक्या बसतील, थोडी जागा उरेल.
सवय जात नाही.
टाकी आणली त्या दिवशी मी आधी टेप लावला,
पाणी नंतर.

करावे गावाच्या कमानीजवळ दुकान आहे.
तिथला पोरगा जाळी झटकत म्हणाला,
"एकच नेलात तर कोपऱ्यात बसून राहील, खाणार नाही.
दोन नेलेत तर महिन्यात एकच उरेल.
आठ न्या काका.
मार वाटला जातो."

मार वाटला जातो.
एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढली,
हे कुठल्या परिपत्रकात आलं नव्हतं.

हळदीत बुडवून काढल्यासारखे आठ मासे.
पाठीच्या पंखावर काळी रेघ,
रोटरिंगच्या पेनानं मारावी तशी, न थरथरता.
पिशवीतून सोडले तेव्हा अंगाला अंग लावून होते.
वृंदानं चहा आणेपर्यंत
दगड वाटून झाले होते.

मोठ्या नराची चतुःसीमा:
पूर्वेस काच, त्यापलीकडे सेक्टर अठ्ठेचाळीस.
दक्षिणेस फिल्टरची नळी.
पश्चिमेस सपाट दगड, तो सामाईक नाही.
उत्तरेस
फाटक्या शेपटीचा एक. तिथे वाद आहे.

रोज साडेसहाला दोघं त्या रेषेवर येतात,
मला न दिसणाऱ्या.
आडवे उभे राहतात, पंख ताणतात, तोंडं उघडतात,
अंगभर थरथरतात,
आणि चावता परत जातात की न चावता
हे मी अजून सांगू शकत नाही, इतकं पटकन होतं.
रात्री बॅटरी मारून पाहिलं.
आठही जण त्याच सपाट दगडाखाली.

बाळाराम भोपी आठवतो. चौऱ्याण्णव साल.
साडेबारा टक्क्यांची फाइल काखेत,
चपला दाराबाहेर काढून टेबलाशी आला.
"सायेब, भावाचा पलॉट माझे बाजूलाच टाका.
पन मदी भित पायजे."
मी हसलो होतो.
सगळ्या टेबलांवर सांगून हसलो होतो.

दिवाळीनंतर आणखी दोन आणले.
नव्यांना तिसऱ्या दिवशी खवलं राहिली नव्हती.
फोन केला. पोरगा जेवत होता.
"दगड हलवा काका. सगळे.
जुनं कुणाचंच राहिलं नाही की
सगळेच नवे."

बाही वर केली, कोपरापर्यंत हात घातला.
हे काम मला येत होतं.

पाणी गढूळलं, मग निवळलं.
दहाही मासे वरच्या थरात
एका रांगेत, कुणी कुणाच्या मागे नाही.
किती छान वागतात बघा, वृंदा म्हणाली.
तेवढ्यात मोठा नर खाली उतरला
आणि सपाट दगड जिथे नव्हता तिथे
येऊन थांबला.
दुपारभर.
समोर नुसती वाळू.

स्टेशनच्या पार्किंगमध्ये एकदा बाळाराम भेटला होता,
केस पांढरे, हातात भाजीची पिशवी.
दोन स्कूटरच्या मधल्या डांबराकडे बोट दाखवून म्हणाला,
"इथशी आमचा बांध जायचा."
मी घाईत होतो.
हो का, म्हणालो.

रात्री जेवण झाल्यावर
तो एक दगड मी परत ठेवला. अंदाजानं.
टेप आत भिजला असता.

सकाळी पाहतो तर
तो तोंडानं वाळू उचलतोय, चार बोटं पलीकडे नेतोय, थुंकतोय,
परत येतोय.
माझ्याकडून चार बोटांची चूक झाली होती.
फाटक्या शेपटीचा उत्तरेला उभा,
बघत.
नाश्ता राहिला. मीही
खुर्ची ओढून घेतली.